फुलाचा नकार

फुलावर पराग पडला म्हणजे फळ धरलेच, असे होत नाही. वाऱ्याने आणि माश्या-भुंग्यांच्या अंगाला चिकटून जो पराग फुलात येतो, त्यात भलत्याच झाडांचा पराग असतो, त्याच फुलाचा स्वतःचा असतो आणि थोडाफार त्याच प्रजातीच्या दुसऱ्या झाडाचाही असतो. फूल त्यातला काही स्वीकारते, काही नाकारते. हा निवाडा स्त्रीकेसरात होतो. टोकाच्या चिकट किंवा केसाळ कुक्षीवर कण बसतो, पाणी शोषून फुगतो आणि त्यातून निघालेली परागनलिका कुक्षिवृंतातून खाली उतरून अंडाशयातल्या बीजांडापर्यंत पोहोचते. (शाळेच्या पुस्तकात हे शब्द आहेत. मराठी विश्वकोशात याच भागांना किंजल्क, किंजल आणि किंजपुट म्हटले आहे, आणि ते शब्द जास्त देखणे आहेत.) या वाटेवर कोणत्याही टप्प्याला अडवणूक होऊ शकते. माणसाला ही अडवणूक आधी कळली, ती नुकसानीतून कळली. स्वीकार कसा होतो हे कळायला त्यानंतर फार वेळ गेला.

परागाचा वापर मात्र त्याच्या ज्ञानापेक्षा कितीतरी जुना आहे. खजुरीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचा तुरा कापून त्याच्या काड्या मादीच्या घोसात खोवायच्या, म्हणजे फळ धरते, हे मेसोपोटेमियातल्या बागवानांना चार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या हम्मुराबीच्या कायद्यात याचे एक कलमच आहे. कोणी आपली खजुरीची बाग परागसिंचनासाठी माळ्याकडे सोपवली, तर माळ्याने उत्पन्नाचे दोन भाग मालकाला द्यावेत आणि तिसरा स्वतः ठेवावा. कच्छमधले खारकेचे बागायतदार आजही हेच काम हाताने करतात. मोजके नर शेकडो माद्यांना पुरतात, त्यामुळे बागेत नरांची गर्दी कोणी करत नाही.

एवढी जुनी रीत असूनही तिच्यातून सिद्धान्त निघाला नाही, याचे कारण खजुरीतच आहे. तिथे नर आणि मादी डोळ्यांना वेगळे दिसतात, म्हणून ते खजुरीपुरतेच समजले गेले. ज्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारी शेजारी उभे असतात, त्यात दुसऱ्या झाडाची गरज का पडावी, असा प्रश्नच कोणाला पडला नाही. ट्यूबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारियुसने १६९४ मध्ये आपले प्रयोग एका पत्राच्या रूपात छापले. त्याने एरंडाची नर फुले उमलण्याआधी खुडली, मक्याच्या कणसाची रेशमी शेंडी कापून टाकली, आणि दाणा भरला नाही. मक्याची ही शेंडी जवळून पाहण्यासारखी आहे. तिचा प्रत्येक धागा म्हणजे एका दाण्याचा कुक्षिवृंत. एका धाग्यावर एक कण पडून त्याची नलिका वीतभर, कधी त्याहून जास्त अंतर कापून खाली गेली, तरच तो एक दाणा भरतो. कणसात मध्येच दिसणारी रिकामी खाच हा बहुधा कुठल्यातरी धाग्याचा चुकलेला योग असतो.

पराग लागतो हे कामेरारियुसने दाखवले. कोणता पराग चालतो, हा पुढचा प्रश्न योझेफ क्योलरॉयटरने १७६० नंतरच्या दशकात हाती घेतला. तंबाखूच्या दोन प्रजातींचा संकर करून त्याने मिश्र रोपे तयार केली. जास्वंदीच्या कुळातल्या एका झाडाच्या फुलातले कण त्याने चिकाटीने मोजले, तेव्हा हजारो कणांपैकी पन्नास-साठ कुक्षीवर पडले तरी तीसेक बिया धरतात असे त्याला आढळले. त्याची दोन निरीक्षणे पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहेत. कुक्षीवर स्वतःच्या प्रजातीचा आणि परक्या प्रजातीचा पराग एकत्र टाकला, तर स्वतःच्या प्रजातीचाच लागू पडतो. दुसरे निरीक्षण याच्या अगदी उलट वाटणारे होते. व्हर्बास्कम नावाच्या झाडाच्या एका जांभळ्या प्रजातीत स्वतःच्या परागाने बी धरेना, पण शेजारच्या दुसऱ्या प्रजातीच्या परागाने धरे. फूल फार लांबच्याला नाकारते आणि फार जवळच्यालाही, हे या दोन नोंदींत आलेले आहे. क्योलरॉयटरकडे त्याचे स्पष्टीकरण नव्हते. परागातला तेलकट द्रव कुक्षीच्या द्रवात मिसळतो, अशी त्याची समजूत होती. नलिका त्याने पाहिलीच नव्हती.

नलिका दिसली ती घोळीच्या फुलात. आपल्याकडे बाजारात जुडीने मिळणारी, बांधावर आपोआप उगवणारी, सकाळच्या उन्हात काही तासच फूल उघडणारी ही भाजी. मोदेनाचा जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची हा सूक्ष्मदर्शक बनवणारा कारागीर होता. घोळीच्या कुक्षीवरच्या एका केसातला रसप्रवाह तो पाहत होता. त्या केसाला चिकटलेला एक परागकण त्याच्या डोळ्यांदेखत फुटला आणि त्यातून एक बारीक नळी बाहेर आली. १८२४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि १८३० पर्यंत ही नळी थेट बीजांडापर्यंत जाते हे त्याच्या लक्षात आले होते. मग मातियास श्लायडेनने नळीचे टोकच पुढे गर्भ होते असे ठामपणे मांडले आणि वनस्पतिशास्त्र बारा-पंधरा वर्षे त्या वादात अडकले. त्या काळात चुकीच्या बाजूच्या एका निबंधाला बक्षीसही मिळाले. शेवटी आमिचीने ऑर्किडमध्ये आणि विल्हेल्म होफमाइस्टरने १८४९ मध्ये इतर अनेक झाडांत, गर्भ बीजांडात आधीपासून असलेल्या पेशीतून तयार होतो, हे दाखवून वाद मिटवला.

नलिका माहीत झाल्यावर नकाराचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. पराग आणि बीजांड यांच्या मध्ये कुठेतरी ही नलिका थांबवली जाते, तर ती कोण थांबवते? ब्राझीलमध्ये राहणारा जर्मन निसर्गतज्ज्ञ फ्रित्स म्युलर याने काही ऑर्किडांवर त्यांचाच पराग टाकून पाहिला. पराग आणि कुक्षी दोन्ही काळपट पडून मेली, जणू विषबाधा झाली. चार्ल्स डार्विनने म्युलरच्या या नोंदी आपल्या लेखनात वापरल्या. त्याने स्वतः प्रिम्युलाच्या फुलांचे दोन नमुने अभ्यासले होते. एका झाडावरच्या सगळ्या फुलांत स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आत दडलेले, दुसऱ्यावर याच्या उलट. १८६२ मध्ये त्याने सांगितले की एका नमुन्याचा पराग दुसऱ्या नमुन्यावर पडला तरच भरपूर बी धरते. स्त्रीकेसर-पुंकेसरांची लांबी आणि रचना यांमुळे हे साधते असे म्हणता येत होते, पण ज्या झाडांत असा बाह्य फरक नाही तिथे काय? डार्विनला या गोष्टीने शेवटपर्यंत चकवले. १८७६ च्या ग्रंथात त्याने असंख्य प्रयोग नोंदवले, पण सगळ्यांत जवळचा पराग सगळ्यांत निकामी का ठरावा, याचे उत्तर त्याला देता आले नाही.

विद्वानांच्या या कोड्याची पहिली रोख किंमत बागायतदारांनी मोजली. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात १८९० च्या सुमारास बार्टलेट नाशपातीच्या विस्तीर्ण बागा होत्या. झाडे फुलांनी लगडत आणि फळे मात्र इकडे-तिकडे तुरळक. कृषी खात्यातला मर्टन वेट हा तिथे भलत्याच कामासाठी आला होता. नाशपातीवरचा करपा मधमाश्या पसरवतात का, हे पाहण्यासाठी तो फुलांवर पिशव्या बांधत होता. पिशवीतल्या फुलांना फळ धरत नाही हे त्याच्या लक्षात आले. मग बागेत फळे नेमकी कुठे धरली आहेत हे त्याने पाहिले. रोपवाटिकेच्या चुकीने दुसऱ्या वाणाची कलमे जिथे लागली होती, त्यांच्या अवतीभवतीच फळे होती. १८९४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

कलमाच्या बागेचे मर्म या गोष्टीत आहे. हजार बार्टलेट म्हणजे हजार झाडे नव्हेत. एकाच झाडाच्या डोळ्यांपासून वाढवलेली ती एकाच झाडाची हजार अंगे आहेत. बाग जितकी शुद्ध, तितकी ती स्वतःच्याच परागात बुडालेली. पंधरा कोसांवरून मधमाश्या आणल्या तरी त्या एका बार्टलेटवरून दुसऱ्या बार्टलेटवर तोच पराग नेणार. सफरचंद, नाशपाती, बदाम, गोड चेरी या सगळ्या फळबागांत दर काही ओळींनंतर दुसऱ्या वाणाची ओळ लावण्याची रीत तिथून रुळली. हिमाचलमध्ये तर दुसऱ्या वाणाच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या भांड्यात घालून झाडांना टांगतात.

आंब्याची कथा याच वळणाची आहे. मोहोरात हजारो फुले असतात, त्यातली बरीच नुसती नर असतात, आणि लिंबाएवढी कैरी धरेपर्यंत मोजकीच उरतात. गळतीची कारणे अनेक, पण १९६० च्या सुमारास दिल्लीतल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एक कारण पक्के झाले. दशहरी, लंगडा, चौसा हे उत्तरेतले नामवंत आंबे स्वतःचा पराग नाकारतात. या दोषाचा संस्थेतल्या पैदासकारांनी फायदाही करून घेतला. आंब्याचा संकर हाताने करणे म्हणजे चिमट्याने एकेक बारीक फूल सोलणे, आणि शंभरातली एखाददुसरीच कैरी टिकते. त्याऐवजी त्यांनी दशहरीची आणि नीलमची कलमे एका जाळीच्या पिंजऱ्यात लावली आणि आत माश्या सोडल्या. दशहरी स्वतःचा पराग घेतच नाही, तेव्हा तिला जे फळ धरेल ते नीलमपासूनचेच. आम्रपाली या दशहरी-नीलम जोडीचीच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना तयार झाला आणि १९८१ मध्ये प्रसारित झाला. कोकणातल्या कलमवाल्यांना ही नावे सांगावी लागत नाहीत.

नकार आनुवंशिक आहे हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात स्पष्ट झाले. हार्वर्डमधले एडवर्ड ईस्ट आणि पॉल मँगल्सडॉर्फ यांनी तंबाखूच्या जातभाईंवर काम करून १९२५ मध्ये नियम मांडला. प्रत्येक झाडाजवळ एका जनुकाच्या दोन खुणा असतात, समजा एक आणि दोन. त्याच्या परागकणांत प्रत्येकी एकच खूण येते. कणाची खूण कुक्षिवृंतातल्या दोन खुणांपैकी कोणत्याही एकीशी जुळली, की नलिका थांबते. तीन नंबरचा कण सरळ खाली जातो. म्हणजे फूल ओळखीच्याला परत पाठवते आणि अनोळखीला आत घेते. कुलूप-किल्लीची नेहमीची उपमा इथे उलटी लागू पडते, कारण इथे किल्ली बसली की दार बंद होते. नियमाचा एक परिणाम असा की नवी, दुर्मीळ खूण असलेल्या कणाला जवळजवळ प्रत्येक दार उघडे मिळते, त्यामुळे दुर्मीळ खुणा टिकतात आणि खुणांची संख्या वाढत जाते. न्यू मेक्सिकोतल्या एका डोंगररांगेतच सापडणाऱ्या इव्हनिंग प्रिमरोझची हजाराच्या आतबाहेर झाडे शिल्लक होती. स्टर्लिंग एमर्सनने १९३० च्या दशकात त्यांत अशा ४५ खुणा मोजल्या.

१९५० च्या सुमारास कळले की सगळी कुळे हा नियम एकाच रीतीने पाळत नाहीत. तंबाखू, पिटुनिया, सफरचंद, नाशपाती यांत कण रुजतो, नलिका कुक्षिवृंतात शिरते आणि वाटेत अडते. कोबी-मोहरीच्या कुळात दारातच नकार मिळतो, कणाला पाणीसुद्धा दिले जात नाही. शिवाय इथे कणाच्या स्वतःच्या जनुकाला विचारले जात नाही. ज्या झाडावर तो तयार झाला, त्या झाडाने त्याच्या बाह्य आवरणावर लावलेली खूण पाहिली जाते.

दारातला हा नकार बियाण्यांच्या धंद्याला उपयोगी पडला. कपाशी स्वतःचा पराग आनंदाने घेते, म्हणून संकरित कपाशीचे बी काढायला माणसांची फौज लागते. १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा पहिला व्यापारी संकरित वाण दिला. तेव्हापासून जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावांभोवती हे काम शिकलेले हात तयार झाले. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी निवडायची, नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढायची, उघड्या स्त्रीकेसरावर पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल आणून त्यावर घासायचे. एकेका बोंडामागे दोनदा हात लागतो. कोबीत सोलायचे काहीच नसते. एकमेकांना घेणारे, पण स्वतःला नाकारणारे दोन वाण शेजारी लावले की मधमाश्याच संकर करतात.

अडचण पुढे येते. स्वतःला नाकारणारा वाण शुद्ध कसा राखायचा, त्याचे बी कसे वाढवायचे? विसाव्या शतकाच्या मध्यावर जपानी बीजोत्पादकांनी कळीचा मार्ग वापरला. उमलण्याच्या दोन-चार दिवस आधीची कोवळी कळी उघडून तिच्यावर त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग लावला, तर बी धरते. कोवळ्या कुक्षीत नकाराची सामग्री अजून तयार झालेली नसते. हे काम कपाशीइतकेच किचकट, पण ते मूळ वाणाच्या मूठभर बियाण्यापुरतेच करावे लागते. १९७० च्या दशकात जपानमध्येच दाखवले गेले की बंदिस्त घरात हवेतला कार्बन डायऑक्साइड तीन ते पाच टक्क्यांवर नेला तरी कोबी-मोहरीचा नकार ढिला पडतो. आता बऱ्याच ठिकाणी नरवंध्य वाण वापरून ही सगळी खटपट टाळली जाते.

नकार कुक्षिवृंतात आहे, तर कुक्षिवृंतच वगळला तर? हा प्रश्न दिल्ली विद्यापीठात विचारला गेला. पंचानन माहेश्वरी १९४९ मध्ये तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात आले आणि फुलझाडांच्या गर्भविज्ञानाचे ते जगातले एक मुख्य केंद्र झाले. त्यांच्या विद्यार्थिनी कुसुम कांता यांनी १९६० मध्ये खसखशीच्या जातभाई झाडाच्या अंडाशयात थेट पराग टोचून बी मिळवले. पाठोपाठ १९६२ मध्ये कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूच्या झाडाची बीजांडे काढून ती परीक्षानळीतल्या पोषक माध्यमावर ठेवली, शेजारी पराग भुरभुरला आणि तिथेच फलन घडवले. १९६७ मध्ये रंगस्वामी आणि शिवण्णा यांनी हेच तंत्र स्वतःला नाकारणाऱ्या पिटुनियावर वापरले. कुक्षी आणि कुक्षिवृंत टाळून परागाची बीजांडांशी सरळ गाठ घालून दिली, तेव्हा स्वतःच्याच परागाने बी धरले. नाकारणारे स्त्रीकेसराचे वरचे भाग आहेत आणि अंड्याची काही तक्रार नाही, हे याहून स्वच्छ दाखवणे अवघड होते.

मग नकाराचे रेणू सापडू लागले. १९८५ मध्ये जून नसरल्ला यांच्या गटाने कोबीच्या कुक्षीतल्या नकाराशी जोडलेल्या एका प्रथिनाचे जनुक वेगळे केले. १९८६ मध्ये मेलबर्नला एड्रियन क्लार्क यांच्या प्रयोगशाळेने तंबाखूच्या कुळातले केले. तीन वर्षांनी कळले की हे दुसरे प्रथिन आरएनए तोडणारे आहे, म्हणजे नलिकेसाठी विषच. ते वाटेतल्या प्रत्येक नलिकेत शिरते, आपल्या आणि परक्याही. परागाजवळ परक्या खुणांच्या विषांवर उतारा असतो, स्वतःच्या खुणेच्या विषावर नसतो. म्युलरला ब्राझीलमध्ये विषबाधा आठवली होती, ती त्याच्या ऑर्किडांत कशी घडते हा भाग वेगळा. कोबीतली जोडी १९९९ पर्यंत पूर्ण झाली. परागाच्या आवरणातले छोटे प्रथिन कुक्षीवरच्या स्वीकारकात बसते आणि कुक्षी पाणी अडवते. अफूच्या कुळाने तिसराच मार्ग काढलेला आहे. तिथे कुक्षीचे प्रथिन जुळणाऱ्या कणाच्या आत कॅल्शियमची लाट उठवते आणि कण स्वतःचा मृत्यू स्वतः घडवून आणतो. एकाच कामासाठी तीन कुळांत तीन वेगवेगळी यंत्रे निघाली, म्हणजे नकार उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा शोधला गेला आहे.

होकाराची हकीकत एकविसाव्या शतकातली आहे. टोरेनिया हे कुंडीत लावले जाणारे जांभळे फूल. त्याचे वैशिष्ट्य असे की अंडे ज्यात असते तो गर्भकोश बीजांडातून बाहेर डोकावतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली उघडा दिसतो. तेत्सुया हिगाशियामा यांनी लेसरच्या किरणाने त्यातल्या पेशी एकेक करून मारल्या. अंड्याशेजारच्या दोन साहाय्यक पेशी शाबूत असताना ९८ टक्के गर्भकोशांनी नलिका खेचली, एकच उरली तेव्हा ७१ टक्क्यांनी, दोन्ही गेल्यावर एकानेही नाही. हे २००१ मध्ये. २००९ मध्ये त्या पेशींतून पाझरणारी प्रथिने सापडली आणि त्यांना गळाला लावायच्या आमिषाचे इंग्रजी नाव मिळाले, लूर.

कुक्षीवरच्या होकाराचा एक भाग २०२१ मध्ये उलगडला, मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रानरोपात. पराग पडण्याआधी त्याच्या कुक्षीत क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे सतत तयार होत असतात, आणि ती असेपर्यंत कणाला पाणी मिळत नाही. कुक्षी स्वतःच एक छोटे प्रथिन स्वीकारकाला जोडून ही पातळी चढी ठेवते. योग्य कणाच्या आवरणातली प्रथिने त्याच स्वीकारकावर जागा पटकावतात, संयुगे घटतात आणि काही मिनिटांत कण पाणी पिऊन फुगू लागतो.